कुपाटीपल्याड

बोंडल्याच्या चोचीला दुधाची पिवळी साय वाळून बसली होती आणि कुशाबाई ती नखानं खरवडत होती — मघापासून, किती वेळ कोण जाणे, कारण साय केव्हाच निघून गेली होती आणि आता नखाखाली नुसतं पितळ लागत होतं. तान्ह्या पोराला दूध पाजायचं हे ओंजळीत मावणारं भांडं गेले एकवीस दिवस तिच्या कमरेला खोचलेलं होतं. झोपेत कुशीवर वळलं की त्याची चोच बरगडीत रुते, आणि ती रुतली की बरं वाटे. मांडीवर छबू झोपली होती. आठ महिन्यांची. तिची नव्हे, धाकट्या जावेची, सारजाची. गाडी थांबली होती. पुढं अकरा गाड्या, मागं आणखी कितीतरी, आणि सगळ्यांच्या पुढं गावाची वेस, जिच्या दारात सर्जेराव हातात नारळ घेऊन उभा होता आणि उगाचच घसा खाकरत होता.

एक्केचाळीस दिवसांनी गाव गावात परतत होतं. मार्गशीर्षात देवळाच्या ओवरीत पहिला उंदीर पडला, दुसऱ्या दिवशी चार पडले, तिसऱ्या दिवशी गेणबाच्या सुनेच्या जांघेत गाठ आली आणि चौथ्या दिवशी घरांना कुलपं लावून सगळी माणसं कालव्यापल्याड माळावर खोपटी घालून राहिली. पलेगाला गाव उठणं काही नवं नव्हतं. म्हातारी माणसं बोटं मोजून सांगत, ही पाचवी खेप की सहावी. पण मागच्या खेपांतून माणसं परत कशी आली होती, काय होऊन आली होती, हे कुणी सांगितलं नव्हतं... आणि आता कुशाबाईला वाटत होतं, ते न सांगण्याचीच रीत असणार.

आत घरी सारजा असेल. गेले अठरा दिवस ती त्या ओसाड गावात एकटीच होती. आपण दारात गेलो की ती पुढं येईल, पोरगी मागेल, आणि मग आज नाहीतर उद्या, पाणवठ्यावर नाहीतर जात्यावर, कुणीतरी तिला सांगेल की त्या दिवशी माळावरच्या काटेरी कुपाटीपाशी तुझ्या थोरल्या जावेनं तोंडातून काय काढलं. एक वाक्य. एका श्वासात संपलेलं. ते तिच्या कानावर जाता कामा नये — बास, एवढंच. बाकी देवानं काय वाटेल ते करावं.

सर्जेरावानं नारळ फोडला. पाटील उंदीर पडल्याबरोबर लेकीकडं बारामतीला जाऊन बसला होता, त्यामुळं माळावर सर्जेरावच पाटील झाला होता, आणि आता ते सोडायचं त्याच्या जिवावर आलं होतं. त्यानं भंडाऱ्याचं ताट मागवलं. एकेक घरधनी पुढं येऊन ताटावर हात ठेवू लागला.

"माळावरचं माळावर," सर्जेराव म्हणत होता. "येशीच्या आत कुणी काय आनायचं न्हाय. ज्यानं तोंड उघडलं त्येला भावकीत पान न्हाय. घ्या शपत."

कुशाबाईचा नवरा दत्तोबा गेला, शपथ घेऊन आला, कपाळाला पिवळं लावून पुन्हा गाडीपुढं उभा राहिला. मागून दीर संभाजी गेला. त्यानं ताटावर हात ठेवला तो काढीचना; सर्जेरावानंच धरून बाजूला केला. बायकांना शपथ नव्हती. बायकांच्या बोलण्याला कोण धरतं? आणि कुशाबाईच्या पोटातून हसण्यासारखं काहीतरी वर आलं, कारण माळावर त्या दिवशी पन्नास पुरुष असताना धरलं होतं ते बाईचंच बोलणं.

कडुनिंबाच्या पाण्याचे शिंतोडे अंगावर पडले. गाड्या आत शिरल्या. "या सर्जेराव, आधी तुमी," "न्हाय, गेणबा, तुमी वडील," — वेशीच्या एका फळीचं अंतर ओलांडलं आणि सगळे पुन्हा राव झाले, बाबा झाले. माळावर ते राव-बाबा कुठं गेले होते देव जाणे.

तसं पाहिलं तर पहिले आठ दिवस जत्राच होती. हे आता कुणी कबूल करणार नाही, पण होती. ज्वारी हुरड्यात होती, दिवसभर पाखरं हाकायची, संध्याकाळी शेकोटीभोवती बसायचं आणि दगडाबाई गोष्टी सांगायची. म्हातारीच्या तोंडात दात एक नव्हता पण राक्षस असे यायचे की पोरं आईच्या पदरात शिरत. आटपाट नगर होतं, नगराला राजा होता, नगराबाहेर रान होतं, रानात राक्षस होता... एकदा कुशाबाईनं मधेच विचारलं होतं, "पन मावशे, राक्षस व्हायच्या आधी त्यो कोन आसतो?" सगळे हसले. दगडाबाई हसली नाही. "मानूसच की," ती म्हणाली, "आनि कोन? त्येला कुटं ठावं आसतं आपुन राक्षस झालो म्हून? त्येला निस्ती भूक लागती." आणि लगेच पुढं सांगू लागली, जणू हे फार साधं होतं.

मग वार हरवले. चावडी नाही, देवळातली घंटा नाही, गुरुवारचा बारामतीचा बाजार नाही, तर आज कोणता वार हे कुणाला सांगता येईना, आणि गंमत म्हणजे कुणी विचारीना. न्हावी दुसऱ्या माळावर राहिला, माणसांच्या दाढ्या वाढल्या. सर्जेरावाचा त्याच्या बरोबरीच्यांत सर्ज्या झाला. कुशाबाईची कुशी झाली. कुणाच्या घरी किती दाणे उरलेत हे दुसऱ्याला दिसू नये म्हणून माणसं पाठ करून जेवू लागली. बारामतीहून सुई टोचायला डॉक्टर आला होता. तो सांगून गेला की बाहेरून कुणी आलं तर दहा दिवस वेगळं ठेवा, जवळच ठेवा, वेळेवर जेवण द्या. त्यातलं 'वेगळं' तेवढं लोकांच्या ध्यानात राहिलं. बाभळीच्या फांट्या तोडून माळाभोवती छातीएवढी कुपाटी घातली गेली, काटे बाहेरच्या अंगाला करून, आणि पाखरं हाकायच्या गोफणी कुपाटीवर आल्या.

आधी कुत्री. गावातली कुत्री भाकरीच्या वासानं यायची. उंदीर खाऊन आलेली असतील म्हणून त्यांना हाकायचं. नुसतं हाकायचं... मग मारायचं. घर राखायला मागं ठेवलेला आपलाच तांबड्या एका सकाळी शेपूट हलवत आला होता — माझ्याकडं बघूनच आला होता तो, दुसऱ्या कुणाकडं नाही — आणि मी गोफण फिरवली. दगड बरोबर लागला. तांबड्यानं आवाजसुद्धा केला नाही, आणि कुशाबाईला आठवत होता तो तांबड्या नव्हे, तर तिच्या दंडात उठलेली ती गोड कळ, दगड नेमका लागल्याची. आजूबाजूची माणसं "वा गं कुशे!" म्हणाली होती. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत कुणी तिला वाखाणलं होतं.

गाडी घरापाशी थांबली.

दारात सारजा उभी होती. अंगण झाडलेलं, सडा टाकलेला, उंबऱ्यावर हळदीकुंकवाची बोटं. आत सगळं घर शेणानं सारवून लखलखीत. ती एकटी ओसाड गावात बसून काय करीत होती याचा कुशाबाईनं इतक्या रात्री इतका विचार केला होता, आणि ती सारवत होती! डोक्याला, डाव्या कानावरून, एक जुनी चिंधी बांधलेली. चेहरा निम्म्यावर आलेला. बाकी तीच सारजा. पुढं आली, थोरल्या दिराला पाहून पदर सारखा केला, आणि दोन्ही हात पसरले.

"आना वं, आक्का. आना इकडं."

कुशाबाईनं पोरगी पुढं केली. केली — कुणाला शंका यायला नको इतक्या पटकन केली. छबू जागी झाली, त्या चिंधी बांधलेल्या तोंडाकडं तिनं पाहिलं, ओठ काढला आणि किंचाळून कुशाबाईच्या गळ्यात तोंड खुपसलं. बारकी नखं मानेत रुतली. आणि त्या रुतण्यानं कुशाबाईच्या सगळ्या अंगातून जे सुख सळसळत गेलं त्याची तिला स्वतःलाच इतकी भीती वाटली की तिनं डोळे मिटून घेतले.

"वळख इसारली व्हय गं आईची?" सारजा हसली. हात तसेच पसरलेले ठेवून हसली, आणि मग ते हात काय करायचे ते न कळून तिनं लुगड्याला पुसले. "व्हईल, व्हईल. ईस-एकवीस दीस म्हंजी तिला किती तरी झालं. चला आत, चूल पेटलीया."

दिवस चढत गेला. गाठोडी सुटली, गोधड्या उन्हात पडल्या, भांडी राखेनं घासली गेली. गल्लीतून कांडपाचा आवाज येऊ लागला, कुणाचं तरी पोर रडत होतं, कुणीतरी कुणाला तरी हक्कानं शिवी देत होतं. गाव म्हणजे हेच सगळे आवाज, त्यांच्यातच माणूस माणसासारखं वागतं असं कुशाबाईनं माळावर स्वतःला समजावलं होतं. आत गेलं की ते जाईल. अंगाला लागलेला माळ आंघोळीबरोबर जाईल. तिनं कढत पाण्यानं आंघोळ केली, दोनदा.

संभाजी छपरावर चढून कौलं सारखी करीत होता, सकाळपासून. खाली उतरायचं नाव नाही. एकदा पाणी प्यायला उतरला तेव्हा सारजाच्या डाव्या बाजूला उभा राहून हलक्या आवाजात काहीतरी बोलला — दोन-तीन वाक्यं, मान खाली घालून, एवढं लांब तो बायकोशी कधी बोललेला कुशाबाईनं पाहिलं नव्हतं — आणि पुन्हा वर गेला. सारजा तांब्या घासत राहिली. त्या कानानं तिला ऐकू येत नव्हतं. हे संभाजीला माहीत नव्हतं की माहीत होतं म्हणूनच तो त्या बाजूला उभा राहिला, हे कुशाबाईला ठरवता येईना.

पाण्याला जायची वेळ आली तेव्हा कुशाबाई आधी उठली. पाणवठा म्हणजे बायकांची चावडी. पन्नास जणींनी ते वाक्य ऐकलं होतं. एकीच्याही तोंडून निसटलं तरी झालं. "म्या जाते," ती म्हणाली, "तू घरी बस." पण सारजानं घागर उचललीच, इतक्या दिवसांनी माणसं बघायची होती तिला. तेव्हा छबूला कडेवर मारून कुशाबाई मागोमाग निघाली.

आणि पाणवठ्यावर काही झालं नाही. उलट — बायकांनी सारजाला वाट करून दिली. एकीनं तिची घागर भरून दिली. सर्जेरावाची बायको फुलाबाई, जी सणासुदीलासुद्धा हाताचं काही सोडत नाही, तिनं पदराच्या गाठीतला गुळाचा खडा काढून सारजाच्या हातावर ठेवला. "कान दुकतूय का गं?" "तेल सोड लसणीचं." "धाकली हाय तू, भरून यील." सगळ्या कशा गोड, कशा हळव्या. शपथ पुरुषांनी घेतली होती आणि पाळत होत्या बायका. कुशाबाईकडं मात्र एकीनंही पाहिलं नाही. म्हणजे कुणी सांगणार नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही... तिला हलकं वाटायला हवं होतं. घागर डोक्यावर नसतानाही मान मोडल्यासारखी दुखत होती.

परत येताना सारजा पुढं चालली होती. मग चढावर, दम खायला थांबल्यावर, तिनं चांगला कान कुशाबाईकडं येईल अशी बाजू बदलली आणि म्हणाली, "आक्का, एक बोलू? तुमी त्या दिशी माज्यासाटी भांडत हुता. ऐकाय काय आलं न्हाय, वारं हुतं, पन म्या बगितलं. सर्जेराव तुमच्या म्होरं हुबा हुता आनि तुमी त्येला सांगत हुता. म्या तितं गावात ऱ्हायले ना... रोज त्येच आठवायचे. म्हनायचे, एक तर मानूस हाय तितं आपलं. पोरीला काय हुनार न्हाय."

कुशाबाईनं छबूला कडेवर सावरलं. छबूनं तिच्या गळ्यातली पोत तोंडात घातली होती आणि ती चोखत होती.

माळावरचा तेविसावा दिवस. सकाळचं ऊन. सारजाची आई सणसरला शेवटची घटका मोजतेय असा निरोप तीन दिवसांपूर्वी आला होता. सणसरला पलेग नव्हता, पण एकदा कुपाटीबाहेर गेलेलं माणूस बाहेरचंच. तरी संभाजीनं जाऊ दिलं. दोन दिवसांचं काम, लांबच्या वाटेत तान्हं कशाला म्हणून छबूला कुशाबाईपाशी ठेवलं, शेळीचं दूध बोंडल्यानं पाजायचं ठरलं. आणि तिसऱ्या दिवशी कालव्यावर टाकलेल्या फळकुटावरून सारजा येताना दिसली. सावकाश येत होती. उजवा हात कोपरात वाकवून अंगापासून लांब धरलेला, जणू काखेत निखारा आहे.

"हात बगा," सर्जेराव म्हणाला.

पलेगाच्या गावात दुसरं काही दिसतच नाही. माणूस कसा चालतो, पाय फाकून चालतो का, हात अंगाला टेकवतो का — चाळीस दिवस सगळे एकमेकांचं एवढंच बघत होते. कुपाटीशी गर्दी झाली. चाळीस पावलांवर तिला थांबवलं. ती ओरडली, "दूद दाटलंय वं! गाट न्हाय! पोरगी तेवडी द्या माजी!" कुणीतरी हसलं. "एका हाताला दूद व्हय?" आता पुरुषानं बाईची काख बघायची रीत नाही, आणि पुढं होऊन बघायला एकही बाई तयार नाही, आणि रीत तर पाळलीच पाहिजे. बाकीच्या सगळ्या रीती धुळीला मिळाल्या होत्या, ती एक कशी शाबूत राहिली कोण जाणे. तेव्हा सर्जेराव म्हणाला, "तिची जाऊ सांगंल. कुशे, तू दोन लेकरं पाजल्यालीस. लांबनंच बग आनि सांग. दुदाचं हाय का गाटीचं?"

छबू माझ्या खांद्यावर झोपली होती. तिच्या तोंडाला शेळीच्या दुधाचा वास येत होता.

कुशाबाईला कळलं होतं. बघताक्षणी. चोळीच्या उजव्या अंगाला पसरलेला ओला डाग तिला चाळीस पावलांवरून दिसत होता, आणि छबू उजवीकडंच जास्त प्यायची हेही तिला ठाऊक होतं, म्हणून एकाच बाजूला दाटलेलं. आणि ते चालणं! मानमोडीला पंधरा वर्षं झाली. त्या साथीत एका आठवड्यात दोन्ही लेकरं गेली तेव्हा ती स्वतः अशीच चालली होती, हात लांब धरून, दूध दगडासारखं झालेलं आणि प्यायला कुणी नाही. नंतर ते आटलं. आणि आटल्यावर वीस दिवसांनी शेजारचं आईवेगळं पोर तिच्या कुशीत घातलं, नुसतं शांतवायला. ते ओढत राहिलं, ओढत राहिलं, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी दूध परत आलं. सगळं गाव बघायला लोटलं होतं. पाच महिने पाजलं तिनं त्याला. मग इंदापूरहून त्याचा मामा आला, तिला लुगडं-चोळी केली आणि पोर घेऊन गेला. लुगडं हिरवं होतं. चांगलं होतं. तिनं ते कधी नेसलं नाही.

पंधरा वर्षांनी खांद्यावर वजन होतं.

"अंगावर दूद चढलं तर दोनी बाजूला चढतंय," ती म्हणाली. "ह्ये दुदाचं न्हाय."

"वैनी," संभाजी म्हणाला, "खरं सांग." त्यानं एकदाच पाहिलं तिच्याकडं. ती म्हणाली, "म्या कशाला खोटं बोलू?"

पहिला दगड सर्जेरावानं मारला, तोही जमिनीवर, भीती घालायला. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. त्या दिवशी पन्नास मुखं होती, आणि पन्नास हात, आणि गोफणींचा तो आवाज, आणि कुणाच्या तरी तोंडून निघालेली आरोळी जी पाखरं हाकताना निघते तीच. कानाला लागलेला दगड कुणाचा हे कुणालाच माहीत नाही. माझा नव्हता. माझे हात मोकळे नव्हते, माझ्या हातात पोर होतं... हे कुशाबाईनं गेल्या अठरा दिवसांत हजार वेळा स्वतःला सांगितलं होतं आणि हे अगदी खरं होतं.

सारजा रिकाम्या गावाकडं गेली. संभाजी एकाआड एक दिवस कालव्याच्या मोरीपाशी भाकरी ठेवून यायचा, हाक न मारता. आणि रोज सकाळी माळावरून ओसाड गावावर धुराची एक रेघ उठलेली दिसायची, म्हणजे आहे. बायका पाण्याला जाताना न बोलता तिकडं बघायच्या. अकराव्या दिवशी सकाळी धूर उठला नाही. कुशाबाई छबूला घेऊन कुपाटीशी उभी राहिली, ऊन चढेपर्यंत उभी राहिली, आणि तिच्या आत काय झालं ते तिनं आजवर स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. रडू आलं नाही. अंगावरचं ओझं उतरलं. आता ही माझी, असं काहीतरी... नाही, 'काहीतरी' नाही. अगदी तसंच, त्याच शब्दांत. दुपारी धूर उठला. लाकडं ओली असतील. धूर दिसला तेव्हा बायकांनी हात जोडले, आणि तिनंही जोडले.

"चला, आक्का," चढावर घागर सावरत सारजा म्हणाली. "ऊन व्हतंय पोरीला."

दुपार कामात गेली. दत्तोबा बैलांना घेऊन रानात गेला. छबू कुशाबाईच्या मागं मागं रांगत होती. सारजा लांबून बोलावत होती, भाकरीचा तुकडा दाखवत होती, चिंधी काढून तोंड दाखवत होती. चिंधीखाली कान काळा पडून वाळलेला. छबू बघायची आणि परत यायची. प्रत्येक वेळी ती परत आली की कुशाबाई म्हणे, "जा गं, आई हाय ती तुजी," आणि म्हणताना तिचा हात पोरीच्या पाठीवर असे, ढकलत नसे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माळ मागं राहिला होता, कुपाटी सर्जेरावानं सकाळी सगळ्यांदेखत जाळली होती. घर तेच होतं, चूल तीच, भिंतीतल्या कोनाड्यातला देव तोच, आणि तिचा हात तसाच होता.

दिवेलागणीला सारजानं छबूला धरलंच. भिंतीला टेकून बसली, पोरगी ओरडत होती तरी सोडली नाही, पदराखाली घेतली. आतून हुंदके, लाथा. मग हुंदके कमी झाले. मग चोखण्याचा आवाज आला. चुलीपुढं बसलेली कुशाबाई पीठ मळत होती. तिचा हात थांबला. आवाज येत राहिला, मधेच तुटला, छबू चिडून रडली, पुन्हा लागली. काही नव्हतं तिथं. अठरा दिवसांत सगळं आटलं होतं. आता सोडेल, कुशाबाईच्या मनात आलं. आता सोडेल आणि रडेल आणि इकडं येईल. छबू सोडत नव्हती.

बाहेर संभाजी छपरावरून उतरून ओसरीवर बसला होता. आत येत नव्हता. शेजारी फुलाबाई कुणाच्या तरी हाती ताटभर पोहे पाठवत होती, "सारजाला दे गं, तिच्या हातात दे." सगळं गाव दिवे लावत होतं. कुठं काटा नव्हता, गोफण नव्हती, रान नव्हतं.

"आक्का," सारजा म्हणाली. आवाज हलका, पोरगी बिचकू नये असा. "येक थेंब न्हाय. समदं आटलं. परत यील का वं? तुमास्नी आलं हुतं म्हनं, त्या मानमोडीच्या साली. तुमाला ठावं आसंल."

कुशाबाईला ठाऊक होतं. चार-पाच दिवस. नुसतं लावत राहायचं, पोर कंटाळलं तरी लावत राहायचं, आणि एका सकाळी अंगावर शहारा येतो... तिच्याइतकं नीट हे या गावात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. आणि इथं ती माळावर नव्हती. ती स्वतःच्या चुलीपुढं, दिव्याच्या उजेडात, आंघोळ करून, कपाळाला कुंकू लावून बसली होती. भीती नव्हती, सर्जेराव नव्हता, कुणी तिला पुढं ढकललं नव्हतं. आणि तरीही तिच्या जिभेवर पहिला शब्द जो आला तो 'न्हाय' होता. आपोआप आला. शोधावा लागला नाही. माळावर शिकलेला तो शब्द नव्हता, माळावरून आणलेलाही नव्हता. तो इथलाच होता, घरचा, आणि कधीपासून इथं होता ते तिला आत्ता पहिल्यांदा दिसलं. तिनं दात घट्ट आवळून घेतले. पीठ हाताला चिकटून वाळू लागलं होतं. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचा तिला भरवसा नव्हता, आणि उघडल्याशिवाय सुटकाही नव्हती.

सारजा चांगला कान तिच्याकडं करून, पोरीला थोपटत, तशीच बसून होती.